पुढची बेकरी बरी आहे

उभ्या जन्मात मी कधी रस्ता चुकलो नाही, गड्या — म्हणजे चुकलो, बक्कळ चुकलो, पण शेजारी बसलेल्याला कळू दिलं नाही, तीच खरी ड्रायव्हरकी. मान काय हलवतोस, तू आपला इंजिनात बघ. नात ना? ती गेलीय समोरच्या दुकानात सरबत प्यायला. मी ज्या सावलीत बसेन ती सावली सोडून तिला दुसरी कुठलीही चालते. सकाळी पाव आणायला निघालो होतो आम्ही दोघं — हे बघ, पायात अजून घरातल्याच चपला — आणि बेकरीपाशी वळायचं ते वळलोच नाही. ती म्हणाली, आबा, बेकरी मागे राहिली. म्हटलं, पुढची बरी आहे. पुढचीही गेली, तिच्या पुढचीही गेली, मग गावच संपलं. लहान होती तेव्हा ह्याच खोडीवर कार्टी सीटवर लोळून हसायची. आज काय म्हणाली? "बरं." सोळा वर्षांच्या पोरीनं म्हाताऱ्याला नुसतं 'बरं' म्हणावं — त्यापेक्षा शिवी परवडली. पुढच्या कप्प्यात रबराची पाल ठेवली, तर तिनं ती शेपटीला धरून आरशाला टांगली. खाणावळीत वाढप्याला सांगितलं, पोरीला बोलता येत नाही, खुणेनं विचार — तर तिनं खरंच खुणेनं मागवलं, आणि तेव्हापासून माझ्याशीही खुणेनंच बोलतेय. आता बोल.

घाई? मला कसली घाई, सावकाश बघ. घाई तिच्या आईला — माझ्या लेकीला. दूरच्या शहरात नोकरी लागलीय तिला, संध्याकाळच्या आगगाडीनं मायलेकी चालल्या, कायमच्या. सामान बांधून दाराशी ठेवलंय. मला विचारलं का कोणी? — विचारलं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, खुशाल जा. वाटलं, पोटची पोर आहे, बापाची थट्टा कळेल.

मग इथवर आलो, नात तोंड धुवायला गेली, आणि गाडी बंद पडली. आपोआप. हां, आता तू त्याच कोपऱ्यात बोट घालून बसलास तर — एक वायर जराशी सैल होती. मी सैल केली, असं समज. आमच्या ट्रकची एक वायर ओढली की तो मरायचा, लावली की उठायचा. ह्या डब्यात वायरींचं नुसतं घरटं. कुठली ओढली तेच आठवेना, पुन्हा लावताना दोन अदलाबदल झाल्या असतील त्या वेगळ्याच. फार काय मागत होतो मी? आज आगगाडी चुकली असती, उद्याचं उद्या बघितलं असतं. आणि तेही राहू दे. एकदा, एकदाच जुन्यासारखी हसली असती ना, तर मीच तिला स्टेशनात नेऊन खिडकीपाशी बसवलं असतं. पण नाही. त्या घरात माझी खोडी कळणारं कोणी उरलंच नाही — तू कशाला दात काढतोस? ठेव तो पाना खाली. काय झालं ते सांग.

"आजोबा, ती मघाशीच स्टेशनाच्या बसनं गेली. म्हणाली, त्यांचं बोलून होऊ द्या, मग सांगा. हसू आवरत नव्हतं तिला."