बेबी बाहेरून म्हणाली, "हलतेय"

नाव : नोंदवहीत आहे, गल्लीत 'रंगवाल्या काकू' म्हणतात. वय : ५१. धंदा : घरच्या गॅरेजमध्ये कपाटे व दारे स्प्रेने रंगवणे. पत्ता : कोपऱ्यावरचे घर, गॅरेज रस्त्याच्या बाजूस.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील ठिकाणी नवऱ्यासह राहते. धाकटी नणंद आमच्याच मागच्या खोलीत राहते. वय त्रेचाळीस, तरी घरात ती बेबीच. अकरा वर्षे हा धंदा आम्ही दोघी मिळून करतो. मी फवारते. ती लाकूड घासते, भेगांत लांबी भरते आणि फवारणी चालू असताना शटरबाहेर उभी राहते. बाहेर उभे राहणे हेही काम आहे, हे साहेबांना समजावून सांगावे लागले.

शटरच्या खालच्या भागात जाळी व फिल्टर आहे, ताजी हवा तिथून आत येते. मागच्या भिंतीत जमिनीलगत पंखा आहे, तो हवा बाहेर फेकतो. थिनरची वाफ जड असते, खाली बसते, म्हणून पंखा खाली. त्याची मोटर वेगळ्या पेटीत आहे, कारण वाफेत एक ठिणगी पडली तर सगळेच संपले. जाळीच्या बाहेर पातळ कागदाची पट्टी लावली आहे. हवा ओढली जात असेल तर पट्टी थरथरते. नुसत्या पंख्याच्या आवाजावर मी विश्वास ठेवत नाही. मी आत मास्क घालून, शटरकडे पाठ करून उभी असते. रंगाच्या प्रत्येक हाताआधी मी ओरडते, "बेबी, पट्टी?" ती सांगते, "हलतेय गं वहिनी!" मग मी फवारणीची बंदूक दाबते.

मागच्या घरातले दंतवैद्य वासाची तक्रार करत. तक्रार खोटी नव्हती. पंख्याला पाइप जोडून तो छपराच्या वर न्यायचे आम्ही ठरवले होते, पाइप पुढच्या आठवड्यात येणार होता.

मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास मी पंखा लावला, दहा मिनिटे थांबले, आणि एका कपाटाला पिस्ता रंग द्यायला घेतला. तो रंग त्याच दिवशी सकाळी पहिल्यांदा मिसळला होता. पहिल्या हाताआधी विचारले, हलतेय म्हणाली. दुसऱ्या आधी विचारले, हलतेय म्हणाली. तिसऱ्या वेळी विचारायच्या आधीच डोके गरगरले. पुढचे आठवत नाही. मला ओढून बाहेर काढले ते बेबीनेच. तेही लिहा, खोटे कशाला बोलू.

दवाखान्यात नळी लावलेली असताना ती माझा हात धरून बसली होती. मी विचारले, "पट्टी हलत होती ना?" ती म्हणाली, "हलत होती गं." त्याच संध्याकाळी तिने इथे येऊन सांगितले की वहिनी पंखा लावायलाच विसरली. हे मला नवऱ्याकडून कळले.

शुक्रवारी मी घरी आले. गॅरेजमधल्या उरलेल्या तुकड्यांत प्लायवूडची एक फळी दिसली. तिच्या एका बाजूवर पिस्ता रंगाचा गोल उमटला होता, बरोबर पंख्याच्या तोंडाएवढा. चार कोपऱ्यांना स्क्रूची भोके. तीच भोके मागच्या भिंतीत, बाहेरून, पंख्याभोवती. आम्हा दोघींना चांगले प्लायवूड फेकवत नाही. तिलाही फेकवले नाही.

मी फळी घेऊन दंतवैद्यांकडे गेले. ते गडबडले. म्हणाले, "अहो, मंगळवारी गच्चीवर पाहुणे होते. वास येऊ देणार नाही असा तुमच्या नणंदेने शब्द दिला होता. माझा रस्त्यावरचा गाळा घेतायत ना त्या, स्वतःचं दुकान टाकायला! मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल." मला माहीत नव्हते.

तिने एक शब्द टाकला असता, "वहिनी, आज नको", तर मी बंदूक हातात धरली नसती. दुकानाचे सांगितले असते तर चार दिवस फुगून बसले असते, पण पाटी मीच रंगवून दिली असती. फळी लावली ती लावली. पण आत मी आहे हे माहीत असताना दोनदा हलतेय म्हणाली. कशी जीभ रेटली तिची?

डॉक्टरांनी सहा महिने फवारणी बंद सांगितली आहे. पुढचे छाती तपासून सांगणार आहेत. मला दुसरे काम येत नाही.

फळी हजर केली आहे. आरोपीशी नाते काय, असे विचारले असता मी नणंद व भागीदार असे दोन्ही लिहायला सांगितले.

जबाब लिहून झाल्यावर हवालदार वाचून दाखवू लागले. मी त्यांना थांबवले. कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि स्वतःच्या डोळ्यांनी पहिल्या ओळीपासून वाचला. बरोबर आहे.