सुलतानचा मणका

...आणि वर मलाच विचारतात, पाचाडला शुभमच्या लग्नाला सख्खा काका का आला नाय? अरे बाबांनो, येणार कसा? ह्या पिंजऱ्याशेजारनं बूड उचललं की आतला सुलतान असा गळा काढतो, की खालच्या आळीतली माणसं विचारायला येतात, कोण गेलं म्हणून. सगळी हयात महाडच्या एमआयडीसीत पाळ्या केल्या, रिटायर झालो, म्हटलं आता हिंडायचं... मी जाणार कुठं?

तुम्हाला सांगतो, कुत्रा माझा नाय. मुलीचा, स्नेहलचा. तिची बंगळूरला बदली झाली, तिथं घर मिळेपर्यंत म्हणून आमच्याकडं पोलादपुरात आणून सोडला. डॅशहाऊंड म्हणतात ती जात. म्हणजे अंग बाकड्यासारखं लांब, आणि पाय लावायच्या वेळी लाकूडच संपलेलं. त्यात नाव सुलतान!

तर हा एका सकाळी कोंबडीमागं ओटीवरनं अंगणात उडाला. जरासं कुईं केलं नि बसला. उठला तर पुढचे पाय चालतायत आणि मागचे ओल्या फडक्यागत फरफटत येतायत. आमची बायको साळूबाई, जी त्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभा करत नव्हती, तिनं त्याला पदरात घेतला. शेजारचा कुशाबा म्हणाला, वारं गेलंय अंगावरनं, तेल चोळा. तेल गरम पण झालं. पण मला काय ते पटेना. कपाटाची फळी काढली, सुलतानला तिच्यावर धोतरानं बांधला आणि साळूबाईसकट रिक्षानं महाड गाठलं.

तिथं राजश्री म्हणून जनावरांची डॉक्टर हाय. पोरगी शांत. म्हणाली, तेल चोळलं नाहीत ते बरं केलंत. मग त्याचा मागचा पंजा उलटा करून टेबलावर टेकवला. धडधाकट कुत्रा लगेच सरळ करतो म्हणे. ह्यानं आपला तसाच ठेवला, जसा काय पंजा दुसऱ्या कुणाचा. डॉक्टरनं सांगितलं, मणक्यांच्या मधली गादी सरकून आतल्या दोरीवर दाबतेय, त्या मज्जारज्जूवर. मग हत्यारातला चिमटा घेतला आणि त्यानं सुलतानच्या पायाचं बोट दाबलं. पाय आखडला. साळूबाई खूश. डॉक्टर म्हणाली, नाही, पाय नुसता आखडून चालत नाही, त्याला कळायला हवं. आणखी जोरात दाबलं. सुलतान समोरच्या भिंतीकडं बघतोय. मी त्याचं डोकं धरून उभा, आणि मनात म्हणतोय, ओरड रे, एकदा ओरड. देवाकडं माणूस काय काय मागतो, मी कुत्र्याला दुखावं म्हणून मागत होतो.

तिनं दुसरा पाय धरला, दाबला, आणि तो गर्रकन वळून माझ्या अंगठ्याला कडाडून चावला.

"दुखलं त्याला," डॉक्टर म्हणाली. "मग आशा आहे."

साळूबाई त्याच्या गळ्यात पडून रडतेय. माझ्या अंगठ्यातनं रक्त गळतंय, तिकडं बघायला कोण मोकळं नाय. डोळे माझेही भरले. चावल्यामुळं का कशामुळं, ते नाय सांगता यायचं.

दुखलेलं कळलं नसतं तर तातडीनं मुंबईला ऑपरेशन. आता औषधं, आणि पिंजरा. हलायचं नाय, वळायचं नाय. लघवीपण आपली आपण होत नाय, आपण पोट दाबून करवायची. कंपनीत मी व्हॉल्व्ह सांभाळायचो, तो अनुभव असा कामाला आला. साळूबाई शेजारी बसली तर तो रडतो, कुशाबा बसला तर गुरगुरतो. ज्याला चावला तोच पाहिजे. मग मी जाणार कुठं?

लग्नाच्या दिवशी सगळी जीप भरून गेली. घरात मी नि सुलतान, दोघंच. म्हटलं, नाक्यावर एक चहा पिऊन येतो. प्यालो. परत फिरलो तर घर चिडीचूप. हा रडत का नाय? तुम्हाला सांगतो, धावत सुटलो. आणि बघतो तर पिंजऱ्याची कडी नीट बसलीच नव्हती, आणि सुलतान दारात उभा. मागचे पाय फाकलेले, ढोसून आलेल्या गड्यासारखा झुलतोय, पण चारी पायांवर उभा! माझ्याकडं यायला निघाला, ढुंगणावर पडला, परत उठला. मी अंगणातच बसकण मारली. बस रे, बस, जागचा हलू नको, एवढंच म्हणत राहिलो. सांगणार कुणाला, घरची सगळी तिकडं लग्नात.

डॉक्टरला फोन केला. हसली बिचारी. मग म्हणाली, "पण काका, आता खरी काळजी. त्याला वाटेल आपण बरे झालो. जिना नाही, उडी नाही, जन्मभर. नजर हलवायची नाही."

स्नेहलला सांगितलं, तर ती म्हणते, पप्पा, माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि तसाही तो तुमच्याशिवाय राहणार नाही.

मी डॉक्टरला विचारलं, जन्मभर म्हणजे साधारण किती हो? तर म्हणाली, नीट सांभाळलं तर ही जात पंधरा वर्षं सहज जगते.

ह्याला आत्ता कुठं चौथं लागलंय.