माझ्याच दारात माझी विधवा

...आणि वर डॉक्टर म्हणतो, चाला! चालल्यानं गुडघे सुधारतील म्हणे. अहो, पण चालू कुठं? आमच्या या अल्फामा वस्तीत माणसाला पाय टाकायला जागा राहिलीय का? गल्लीच्या जिन्यावर पर्यटकांची झुंड, बोळात झुंड, आणि प्रत्येक झुंडीच्या पुढं एक पोरगी छत्री उंच धरून... ऊन असो, पाऊस असो, ती छत्री उघडायची नाही, नुसती वर धरायची! सगळं जग लिस्बन पायी बघायला निघालंय आणि माझ्याच दारावरून चाललंय. बघा माझ्याकडे. आहे ना मी? धडधाकट, टोपी घातलेला, तुमच्यासमोर उभा? मग ऐका काय झालं ते.

रोज सकाळी मी खाली गस्पारच्या हॉटेलात पत्ते कुटायला जातो. त्या दिवशी गस्पारचं दार बंद. मेव्हणीचं बारसं म्हणून... मेव्हणीच्या पोराचं हो, मेव्हणीचं कशाला! निघालो परत. तर जिना गच्च! पुढं ब्राझीलची झुंड, मागं ब्राझीलची झुंड, मधे मी. आता ब्राझीलवाले बोलतात आपलीच पोर्तुगीज भाषा, फक्त गात गात बोलतात. त्यातल्या एका ऐसपैस बाईनं माझा दंडच धरला. "आजोबा, सावकाश! तुम्ही कुठल्या गावचे?"

म्हटलं, "इथलाच."

"अगबाई! मूळचे इथले? आणि एवढ्या वर्षांनी आपलं गाव बघायला आलात?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी! सांगायला तोंड उघडतो, तोवर छत्रीवाली सुरू. तेल्मा तिचं नाव, छातीवर लिहिलेलं.

काय काय सांगितलं त्या तेल्मानं! म्हणे, "ही उसाशांची पायरी. इथं खलाशांच्या प्रेयसी निरोप घ्यायच्या." उसासे? अहो, त्या पायरीवर मासेवाली देओलिंदा टोपलीसकट घसरली होती, आणि तिनं ज्या शिव्या दिल्या त्या अजून भिंतीत मुरल्यात! पुढं वर बोट केलं. "आणि हे बघा, अल्फामाचे झेंडे." सगळ्यांनी फोन वर केले. मीही वर बघितलं. दोरीवर माझ्या लांब चड्ड्या! माझ्या! डाव्या गुडघ्याला ठिगळ असलेली तर मधोमध! "किती सुंदर," म्हणाली ती ब्राझीलची बाई. आयुष्यात माझ्या कुठल्या गोष्टीला कुणी सुंदर म्हटलं असेल तर त्या चड्डीला.

पण थांबा, हे काहीच नाही.

चड्ड्या माझ्या, म्हणजे खाली दार कुणाचं? माझंच! आणि दारात कोण? माझी एर्मिनिया. पुढं छोटं टेबल, टेबलावर चेरीच्या दारूची बाटली, चॉकलेटच्या इवल्या वाट्या. हे मला ठाऊक होतं, मी पत्त्यांना गेलो की ती जाणाऱ्या-येणाऱ्याला घोटघोट विकते. काळे कपडेही ठाऊक होते. तिची बहीण अल्झीरा गेली तेव्हापासून घालते, आमच्याकडे बायका एकदा काळं अंगावर चढवतात ते सहसा उतरवत नाहीत. पण बाटलीशेजारी मेणबत्ती? आणि मेणबत्तीमागं फोटो?

तेल्मानं आवाज खाली आणला, एर्मिनियाला मानानं 'दोना', म्हणजे बाईसाहेब म्हणाली. "या दोना एर्मिनिया. यांचे पती कॉड मासे पकडायला उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात गेले... आणि परत आलेच नाहीत."

पती! म्हणजे मी हो! मी जन्मभर बंदरात पोती उचलली. समुद्र बघितला तो धक्क्यावरून. नदीपलीकडं जाणाऱ्या फेरीबोटीतसुद्धा मला उलटी होते! आणि मी बुडालो, तेही बर्फात! बघा माझ्याकडे. ओला दिसतो का मी?

पुढं एर्मिनिया स्वतः बोलायला लागली. आवाज असा काढला, जसा मी कधी ऐकलाच नाही. "देवमाणूस होता हो. दर जूनला, संत अंतोनियोच्या सणाला, प्रेयसीला देतात तशी माझ्यासाठी तुळशीची कुंडी आणायचा. तीत कागदाचं फूल, आणि दोन ओळींची कविता." सगळी झुंड मुसमुसायला लागली. ब्राझीलच्या बाईनं माझ्याच खांद्यावर डोकं टेकलं. "काय प्रेम हो आजोबा, काय प्रेम!"

मी ओरडणार होतो की अहो, मी जिवंत आहे! तेवढ्यात एर्मिनियानं मला बघितलं. तुम्हाला वाटेल दचकली? छे! डोळ्याची पापणी लवली नाही. एक वाटी भरली, माझ्या हातात दिली. "घ्या आजोबा. माझ्या नवऱ्याच्या आत्म्यासाठी."

काय करता? प्यायलो. स्वतःच्या आत्म्यासाठी! आणि वर दार माझं, पण आत जायची सोय नाही. झुंडीबरोबर पुढं निघालो, ते थेट किल्ल्यापर्यंत.

संध्याकाळी घरी आलो तो पेटलेलाच. "एर्मिनिया, तू मला मारलंस!"

ती कांदा चिरत होती. "मी नाही मारलं. त्या पोरीनं काळे कपडे बघून विचारलं, विधवा का? मी हो-नाही म्हणायच्या आत एका बाईनं मला मिठी मारली. मिठी, अन्सेल्मो! मला शेवटची मिठी कुणी मारली होती, आठवतंय तुला?"

मी विषय बदलला. "आणि तो फोटो? तो तर फाऊस्तो खाटकाचा आहे, तरुणपणीचा!"

"मग? तुझा फोटो बघून कोण रडेल?"

"आणि तुळस? मी कधी तुळस आणली तुझ्यासाठी?"

तिनं सुरी खाली ठेवली. "तेच," म्हणाली. "त्यानं आणली."

आता सांगा, भांडायचं तर कुणाशी, त्या मेलेल्याशी? तो माझ्याहून देखणा, माझ्याहून प्रेमळ, पत्ते खेळत नाही, घोरत नाही... असा मी मलाच कसा पुरा पडणार? रात्रभर झोप नाही. सकाळी गेलो आणि तुळशीची कुंडी घेतली. गोल, दाट, कागदाचं फूल खोचलेली. कविता मला धड वाचता येईना, पण ओळी दोन होत्या, एवढं बघून घेतलं. गुपचूप टेबलावर ठेवली आणि पडद्यामागं उभा राहिलो.

एर्मिनियानं कुंडी बघितली. रीतीप्रमाणं नाक नाही लावलं, हात फिरवला आणि हाताचा वास घेतला. बराच वेळ घेतला. आणि मग? उचलून ठेवली फाऊस्तोच्या फोटोपुढं! माझी तुळस!

तेवढ्यात झुंड आलीच. कुणीतरी विचारलं, "ही कुणी दिली हो, दोना?"

"इथं वरती एक म्हातारा राहतो," म्हणाली. "तोंड कायम वाकडं, सदा पत्त्यात. पण मनानं वाईट नाही."

बघा माझ्याकडे. आहे ना मी? तरी सांगतो, पडद्यामागं मी टोपी काढून हातात घेतली. इतक्या वर्षांत ही बाई माझ्याबद्दल पहिल्यांदा बरं बोलली, आणि तेही मी मेल्यावर!

"मग करून टाका की लग्न त्याच्याशी!" झुंडीतून एकजण ओरडला.

एर्मिनियानं पडद्याकडं बघितलं. मुद्दाम. "बघू," म्हणाली. "रोज तुळशीला पाणी घालतो का, ते आधी बघू."

तर मंडळी, घालतो पाणी. काय करणार? आणि रोज सकाळी बोळाच्या तोंडाशी पहिली छत्री दिसली की ती आतून हाक मारते, "अन्सेल्मो, ऊठ, टोपी घे, तुझी मरायची वेळ झाली!" मी उठतो, टोपी घेतो, आणि झुंडी ओसरेपर्यंत सगळं लिस्बन पायी पालथं घालतो.

परवा डॉक्टर म्हणाला, गुडघे फार सुधारलेत.