वहिनींची सही

बेकरीवाला : सही? माझी सही घेणार तू? माझी?

शिंपी : हात खाली घेऊ नकोस. बाही मोजतोय.

बेकरीवाला : बाही गेली खड्ड्यात! शाळेत एका बाकावर बसलो आपण. तुझे वडील आजारी होते तेव्हा दवाखान्यात कोण बसायचं रे? सांग ना, कोण बसायचं?

शिंपी : तूच. मी विसरलो नाही. म्हणून तर उसने पैसे मागितलेस आणि लगेच हो म्हणालो. देतो म्हणालो की नाही?

बेकरीवाला : देतो म्हणालास आणि पाठोपाठ कागद काढलास! परक्या माणसासारखा.

शिंपी : किती वर्षं तुझे शर्ट शिवतोय मी? दर वेळी टेप लावतो. जुन्या मापावर एकदा तरी कापड कापलंय? तेव्हा नाही कधी म्हणालास, माझ्यावर विश्वास नाही का म्हणून.

बेकरीवाला : ते वेगळं. पोट वाढतं माणसाचं.

शिंपी : मग? पोट वाढतं, धंदा बसतो, माणूस आजारी पडतो. मोजून घेतलेलं बरं. हे बघ, या दुकानाचा मालक दुकान विकतोय. पहिला हक्क मला दिलाय त्यानं. तुला देतोय ते पैसे दुकान घ्यायला साठवलेल्यातलेच आहेत. वेळेवर परत आले नाहीत तर हे मशीन डोक्यावर घेऊन मी रस्त्यावर. म्हणून परतीची तारीख घालायची आणि पैसे बँकेतून द्यायचे. हातात नोटा देणार नाही.

बेकरीवाला : वा! जन्मभराच्या दोस्तीची काय किंमत केलीस! आण तो कागद. करतो सही. झालं समाधान?

शिंपी : तुझ्या सहीखाली वहिनींची.

बेकरीवाला : तिची कशाला?

शिंपी : बेकरी दोघांची आहे. उद्या तुला काही झालं तर त्यांच्या दारात जाऊन मी काय सांगू? तुमच्या नवऱ्यानं माझ्याकडून एवढे पैसे नेलेत, आता तुम्ही द्या?

बेकरीवाला : तिला यात आणायचं नाही.

शिंपी : का?

बेकरीवाला : नाही म्हणजे नाही! घरातल्या बाईला कशाला त्रास?

शिंपी : घरातली बाई? दिवसभर गल्ल्यावर कोण बसतं मग? आणि नव्या भट्टीसाठीच घेतोयस ना? त्यांना ठाऊक असेलच.

बेकरीवाला : आहे. ठाऊक आहे तिला.

शिंपी : मग झालं तर. येतीलच त्या इतक्यात. ॲप्रन तयार आहेत म्हणून बोलावलंय.

बेकरीवाला : तू तिला बोलावलंस? मला न विचारता? अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

(बेकरीवाल्याची बायको दार ढकलून आत येते.)

वहिनी : काय चाललंय हो? कोपऱ्यापर्यंत आवाज येतोय तुमचा.

शिंपी : या वहिनी, बसा. काही नाही, भट्टीचे पैसे मी देतोय ना, त्या कागदावर तुमचीही एक सही हवी होती.

वहिनी : भट्टीचे पैसे तुम्ही देताय? का? ते तयार आहेत की, बँकेत. एवढी वर्षं पहाटे उठून पाव भाजले ते कशासाठी? सोमवारी भट्टी दारात येतेय. अहो, सांगा की यांना. अहो! तोंड शिवलंय का तुमचं?

बेकरीवाला : दिले मी ते.

वहिनी : कुणाला?

बेकरीवाला : मैदावाल्याला. त्याला गोदाम वाढवायचं होतं. महिन्याभरात परत देतो म्हणाला.

वहिनी : कधी म्हणाला?

बेकरीवाला : गेल्या हिवाळ्यात.

शिंपी : काही लिहून घेतलंस?

बेकरीवाला : दोस्ताकडून काय लिहून घ्यायचं? लाज वाटली मला.

वहिनी : लाज? त्याला कागद मागायची लाज वाटली आणि मला फसवायची नाही वाटली? भाऊजी, हे मनगट बघा. त्या पडक्या भट्टीनं कातडी राहिली नाही हातावर. आणि हा माणूस रोज जेवताना मला नव्या भट्टीचे बेत सांगायचा! वर इथे येऊन तुमच्यावर ओरडतोय!

शिंपी : आणि माझं दुकान? ते पणाला लावून तुला पैसे देत होतो मी. मला तरी खरं सांगायचंस, लेका.

बेकरीवाला : कसं सांगणार? वाटलं, सोमवारच्या आत भोक बुजवावं, मग त्याच्याकडून आले की तुझे देऊन टाकावे. आता भट्टीवाला दारात उभा राहील. काय सांगू त्याला?

वहिनी : मी सांगते. पुढच्या वर्षी ये म्हणते. भाजीन अजून एक वर्ष हात. भाऊजी, यांना एक पैसाही द्यायचा नाही. तुमचे आहेत तिथेच राहू देत. मला फक्त एक कोरा कागद द्या.

शिंपी : कशाला?

वहिनी : उद्या मैदावाल्याकडे जायचं. घेतले किती, देणार कधी, सगळं त्याच्या हातानं लिहून घ्यायचं. साक्षीला तुम्ही चला.

शिंपी : येतो. दुकान बंद ठेवून येतो.

बेकरीवाला : तो चिडेल गं. इतक्या वर्षांची मैत्री आहे. कागद पुढे केला की तोंड बघणार नाही माझं.

वहिनी : तुम्हीही चिडलातच की मघाशी. मग आता भाऊजींचं तोंड बघणार नाही का?

शिंपी : हात वर कर रे. छाती मोजायची राहिलीय.