ऐकून घेण्याचा बॅज

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, परीक्षा विभागातले ताई-दादा, विद्यार्थी मित्रमैत्रिणी, पहिल्या रांगेतले मॅडमचे यजमान म्हणजे आपले काका, त्यांच्या शेजारी मोठ्या अधिकाराने बसलेली माझी आत्या, आणि आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या मॅडम,

मी इथली माजी विद्यार्थिनी. सध्या एका रुग्णालयात चौकशीच्या खिडकीवर बसते. एवढ्या मोठ्या मंडळींत मी कशी, असं तुम्हाला वाटलं असेल. मॅडमच म्हणाल्या म्हणे, "तिला बोलवा, मोजकं बोलते." मॅडम, आज ते जमणार नाही.

मॅडमना इथे सगळे 'पुरावा मॅडम' म्हणतात, आणि हे त्यांना ठाऊक आहे. आपलं वाक्य अर्ध्यावर असतानाच चष्म्यावरून प्रश्न येतो, "पुरावा?" आपल्या विद्यापीठातले डिजिटल बॅज याच स्वभावातून आले. पदवी म्हणते तू पास झालीस, पण तुला येतं काय, ते कुठे लिहिलंय? म्हणून छोटे अभ्यासक्रम निघाले आणि प्रत्येकाला एक बॅज. फोनवर दिसणारा, बोटाने दाबला की आतला पुरावा उघडणारा. सभेचं इतिवृत्त लिहिण्याचा, मोटार दुरुस्त करण्याचा, आणि त्यातच एक 'ऐकून घेणे' या नावाचा. हा बॅज विद्यापीठाच्या परिषदेने एकाच बैठकीत, एकमताने मंजूर केला.

मॅडम, हात खाली घ्या. आज मध्ये बोलायचं नाही. का, ते शेवटी सांगते.

आता 'ऐकून घेणे' म्हणजे काय हो? आमच्या घरी त्याचा एकच अर्थ होता. आत्या बोलायची, मी ऐकून घ्यायची. बॅजची अट अशी, की ज्याचं ऐकून घेतलं त्याने स्वतः येऊन तसं सांगायचं. मी सरळ आत्यालाच मॅडमपुढे उभं केलं. आत्या म्हणाली, "लहानपणापासून हिला बोलतेय मी. कधी उलटून बोलली नाही. द्या हिला काय असेल ते."

मॅडमना हसू आवरेना. मग म्हणाल्या, "अगं, हे तर बोलणी खाणं झालं. तू गप्प बसलीस, पण ऐकलंस का? काल आत्या काय म्हणाल्या, सांग बरं."

मला एक शब्द आठवेना. त्यावरून आत्याने तिथेच मला आणखी ऐकवलं.

हसू नका, मला त्या बॅजची फार गरज होती. गुण बेताचे, घर आत्याच्या शिवणावर चाललेलं, आणि मी अर्ज केला की लोक गुणपत्रिका बघून परत करायचे. मॅडमनी मला विद्यार्थी मदत खिडकीवर बसवलं. एक दिवस एक गृहस्थ तावातावाने आले. मुलीचा निकाल अडकला होता. मला शब्दाशब्दाला उत्तर द्यावंसं वाटत होतं. मी ओठ मिटून फक्त ऐकलं. बोलता बोलता त्यांचा आवाज उतरला आणि म्हणाले, "पोरगी दोन दिवस जेवली नाही हो." खरी तक्रार ती होती.

पुढे रुग्णालयात मुलाखत झाली. साहेबांनी गुणपत्रिका बाजूला सारली, तेव्हाच माझा धीर सुटला. मग त्यांनी बॅजवर बोट ठेवलं. आत त्या गृहस्थांचं म्हणणं होतं, "निकाल त्या दिवशी लागला नाही. पण या मुलीने माझं सगळं बोलून होऊ दिलं. घरी जाऊन आम्ही दोघं जेवलो." साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "कधीपासून येताय?"

आणि घरचं सांगायचं तर, मी आत्याचंही ऐकायला लागले. तेव्हा कळलं, ती भांड्यांवरून बोलते तेव्हा तिचा गुडघा दुखत असतो. आता भांडी मी घासते. बोलणी मात्र चालू आहेत.

तर मंडळी, आता ते राहिलेलं. हा बॅज मिळावा म्हणून मॅडमनी स्वतःही अर्ज केला होता. साक्षीदार काका. काकांनी लिहिलं, "स्वभावाने अतिशय प्रेमळ. मात्र लग्नानंतर माझं वाक्य पूर्ण झाल्याचं आठवत नाही." मॅडमनी त्यावर स्वतःच शेरा मारला, 'पुरावा अपुरा'. तो अर्ज अजून तसाच पडून आहे. आज त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस.

मॅडम, मी एवढा वेळ बोलले आणि तुम्ही शब्दही मध्ये टाकला नाहीत. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही तुम्ही बोलून झटकलं नाहीत. ज्याचं ऐकून घेतलं त्याने सांगायचं असतं ना? मग मी सांगते. तुम्ही माझं ऐकून घेतलंत. आज नाही फक्त, कोणी ऐकत नव्हतं तेव्हाही. पुरावा म्हणून हे अख्खं सभागृह बसलंय. परीक्षा विभागातले ताई-दादा तयारीतच होते, बॅज एव्हाना तुमच्या फोनवर आला असेल. बघा.

आयोजकांनी मला बोलावलं, तुम्ही सर्वांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. आणि बोलण्यात काही चुकलं असेल तर पदरात घ्या. त्यातली एक चूक मुद्दाम केली होती. तो बॅज एका बैठकीत मंजूर झाला नाही, परिषदेने तो तीनदा परत पाठवला होता आणि मॅडम तीनदा भांडल्या होत्या.

मॅडम, आता बोला.