दादाचा कॉम्प्युटर, जसाच्या तसा

...आणि तो दुरुस्तीवाला मला म्हणतो कसा, "भाऊ, सगळं पुसून नवं टाकतो, पळेल बघा घोड्यासारखा!" पुसून? अहो, पुसून काय पुसून! माझा दादा जाऊन दीड महिना झाला नाही आणि हा त्याचा कॉम्प्युटर पुसायला निघाला! तुम्हाला सांगतो, काउंटरवर अशी थाप मारली की त्याचे सगळे स्क्रू घरंगळत खाली. ते मलाच वेचावे लागले. वेचता वेचताच सांगितलं, "जसाच्या तसा पाहिजे! बाकी मला काही कळत नाही."

कळत नाहीच म्हणा. शाळेचं आणि माझं कधी जमलं नाही. दादा त्या कॉम्प्युटरवर दुकानांच्या पाट्या करायचा, मी शिडीवर चढून त्या ठोकायचो. तो डोकं, मी हातोडा. आता डोकं गेलं आणि... असो. तर कॉम्प्युटर उघडायला वीस मिनिटं घ्यायचा. वहिनी म्हणाली, "भाऊजी, गिऱ्हाईक उभं राहून निघून जातं हो." दुरुस्तीवाला म्हणाला, आतली डिस्क आज आहे उद्या नाही, नवी वेगवान बसवा, सगळं तिच्यावर हलवू. झालं! तडक घेतली. एवढीशी हो! शर्टाच्या खिशात टाकून आणली. हिच्यात माझा सहा फुटी दादा मावणार?

"मावतो," तो म्हणाला, "पण आधी कचरा काढू. दोन हजार फायली नुसत्या कचरापेटीत आहेत."

"दादाचा कचरा आहे तो! जसाच्या तसा!"

"घड्याळ अकरा मिनिटं पुढं आहे."

"राहू द्या पुढं."

"अहो, तीन व्हायरस आहेत यात!"

"तेही घ्या!"

त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. पाहू दे की!

मग स्क्रीनवर दोन डिस्का आल्या. एकीचा नंबर शून्य, दुसरीचा एक. एकीवरचं उचलून दुसरीवर ओतायचं, आणि जिच्यावर ओतलं तिचं आधीचं सगळं जाणार. आता तुम्हीच सांगा, थोरला भाऊ शून्य असतो का कुठं? शून्य म्हणजे नवी, कोरी, माझ्यासारखी! मी माउस हिसकावला आणि एकवरून शून्यावर...

"अहोऽऽ!" त्याने माझं मनगटच धरलं. "कोरी डिस्क भावावर ओतताय तुम्ही! शून्य म्हणजेच भाऊ!"

एका टिचकीत दुसऱ्यांदा गेला असता हो... आणि या खेपेला माझ्या हातून.

मग दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो. दोन तास! त्यात आईचा फोन, "कसा आहे रे?"

"बेचाळीस टक्के."

"ते काय म्हणतात?"

"चांगलं चाललंय म्हणतात."

"मागच्या वेळी दवाखान्यातही असंच म्हणत होते..."

फोन ठेवला आणि हात पुन्हा मांडीखाली घातले.

पण झाला! शंभर टक्के! नऊ सेकंदांत उघडला. 'नवी पाटी', 'नवी पाटी शेवटची', 'नवी पाटी खरंच शेवटची', सगळ्या फायली जागच्या जागी. जसाच्या तसा! मी दुरुस्तीवाल्याला मिठी मारली, पुन्हा स्क्रू खाली.

घरी आणून लावला. वहिनी खूश. आई स्वयंपाकघरातून येऊन दारात थांबली. "बंद आहे का रे?"

"चालू आहे की!"

"मग आवाज कसा नाही?"

तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यातच नाही आलं! जुनी डिस्क दिवसभर घरघरायची. ओट्यापाशी उभी राहून आई ते ऐकायची आणि समजायची, पोरगं आत कामात आहे. नवीत फिरणारं काही नाहीच, आवाज येणार कुठून? व्हायरससकट आणला, घड्याळासकट आणला, आणि नेमका आवाज राहिला!

गेलो पुन्हा. म्हटलं, जुनी परत आत बसवा, नुसती वीज जोडा, फिरू द्या. दुरुस्तीवाला रडकुंडीला आला, "पण भाऊ, हिचं काम काय?"

म्हटलं, "काही नाही हो. माझ्यासारखीच आहे. घरात असते, कुरकुर करते, आई म्हणते राहू दे."