समुद्राकडच्या खिडक्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष प्राचार्य धम्मदीप रामटेके सर, प्रमुख पाहुण्या प्रणालीताई, सत्कार समितीचे चेतनभाऊ पौनीकर आणि त्यांचे सहकारी, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, आणि दुकानं, कचेऱ्या, दवाखाने लवकर आटोपून सीताबर्डीच्या गर्दीतून वाट काढत इथवर आलेल्या माझ्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो, बंधू-भगिनींनो,

आणखी एक श्रोत्या आहेत, त्यांचं नाव निमंत्रणपत्रिकेत नाही. पहिल्या रांगेत नूपुर मोबाईल उंच धरून बसली आहे. ही धंतोलीतल्या एका इस्पितळात नर्स आहे. हात भरून आला असेल, पण पोरी, अजून थोडा वेळ धर. त्या मोबाईलवर तिच्या आजी, अंजनाबाई, कोकणातल्या एका मच्छीमार वस्तीतून आपल्याला ऐकत आहेत. वय वर्षं त्र्याऐंशी. खरं सांगायचं तर आजचं भाषण मी त्यांच्यासाठीच करतो आहे. अध्यक्ष महाराज, राग मानू नका, आज तुमचा नंबर दुसरा.

पंचाहत्तरीच्या निमित्तानं तुम्ही मला शाल दिली, श्रीफळ दिलं, मानपत्र दिलं. चेतनभाऊंनी ते काय खणखणीत आवाजात वाचलं! आठवीत हाच चेतन चार ओळींची कविता म्हणताना तीनदा अडखळायचा. पण मानपत्रात एक वाक्य आलं, त्यावर टाळ्याही पडल्या. एकाहत्तरच्या युद्धात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, गुरुजींनी किनाऱ्यावरच्या गावातला एकही दिवा शत्रूला दिसू दिला नाही, असं ते वाक्य. चेतनचा दोष नाही. माझ्या बैठकीत भिंतीवर एक अभिनंदनपत्र चोपन्न वर्षं टांगलेलं आहे, त्याच्यावरून त्यानं ते घेतलं. ते पत्र मला कसं मिळालं, हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. माझ्या बायकोलासुद्धा नाही.

मी गोळीबार चौकातला कोष्ट्याचा पोरगा. कोकणात शाळामास्तर हवेत अशी जाहिरात पाहून अर्ज केला आणि लागलोही. तोवर सगळ्यात मोठं पाणी पाहिलं होतं ते अंबाझरीचं. जाऊन सहा महिने होतात न होतात तोच डिसेंबरात युद्ध सुरू झालं. रात्री उजेड बाहेर दिसता कामा नये, खिडक्यांना काळं कापड लावा, असा हुकूम आला. गावात शिकलेला माणूस मी एकटा, म्हणून देखरेख माझ्या गळ्यात पडली. मला कोण आनंद झाला! कापड पारखणं हा तर आमचा घरचा धंदा. रोज दिवेलागणीला मी रस्त्यानं फेरी मारायचो, खिडकीखिडकीचं कापड अंगठ्याखाली घेऊन वीण बघायचो. आठ दिवस रस्त्यावर काळाकुट्ट अंधार. मी खूश.

आता चूक कुठे झाली? आमच्या मोहल्ल्यात हातमाग पुढच्या खोलीत, खिडकी गल्लीवर. घराला तोंड असतं ते रस्त्याकडे, हे माझ्या डोक्यात पक्कं. पण त्या वस्तीत रस्ता ही घराची पाठ होती हो. घराचं तोंड समुद्राकडे. ज्या घरचा माणूस दर्यावर गेला, त्या घरात तो परतेपर्यंत समुद्राकडच्या खिडकीत दिवा ठेवायचा, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या बाजूला मी एकदाही गेलो नव्हतो. आणि मी म्हणे देखरेख करत होतो!

नवव्या दिवशी संध्याकाळी निरोप आला की तुमच्या गावाचे दिवे समुद्रातून स्पष्ट दिसतात. मी धावत मागच्या बाजूला गेलो. अकरा खिडक्या, अकरा दिवे. माझं डोकंच फिरलं. नोकरी गेली असं वाटलं. दहा घरचे लोक सूर्यास्ताच्या आत परतले होते, माणसं घरी असूनही सवयीनं लावलेले दिवे नुसते जळत होते. ते मी विझवले. अकरावी खिडकी अंजनाबाईंची. त्यांचे यजमान गोविंदा आणि आणखी तिघं वारा पडल्यामुळे अडकले होते. त्या दिव्यापुढे हात आडवा धरून म्हणाल्या, “मास्तर, होडी अजून येवची आसा. ह्यो एकच दिवो ऱ्हवांदे.”

मी म्हणालो, “मले हुकूम आहे, बाई.” आणि फुंकर मारली.

मंडळी, हुकूम योग्यच होता. लढाई चालू होती. पण होडी येईस्तोवर त्या चार माणसांसाठी दुसरी काही सोय करावी, एवढं तरी मला सुचायला नको होतं?

सोय बायांनीच केली. खाडीच्या तोंडाशी खडक आहेत. तिथे अंजनाबाई सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरल्या, मागोमाग बाकीच्या. हात धरून रांग केली आणि एकेकाचं नाव घेऊन हाका मारू लागल्या. आवाजावरून होडीनं वाट ओळखावी म्हणून. मीही उतरलो. पोहता येत नव्हतं. कमरेइतक्या पाण्यात अंजनाबाईंचा हात घट्ट धरून ओरडत होतो, “इकडे या गा! इकडे या!” गोविंदा पुढे हसून सांगायचा की तो ‘गा’ ऐकून त्याला वाटलं, होडी थेट नागपूरला लागली.

होडी आली, पण खडकाला घासून. चौघंही वाचले. गोविंदाचा उजवा हात मात्र चिरडला. त्या हातानं त्यानं पुन्हा वल्हं धरलं नाही. तीस वर्षं अंजनाबाईंनी डोक्यावर माशांची पाटी घेऊन घर चालवलं.

चार दिवसांनी तालुक्याच्या कचेरीत चौकशी झाली. आठ दिवस दिवे दिसलेच कसे? नवरा इस्पितळात पडलेला, आणि ही बाई साहेबांसमोर उभी. खरं काय ते सांगितलं असतं, मास्तर त्या बाजूला कधी फिरकलाच नाही म्हणाली असती, तर त्याच दिवशी माझी गठडी वळली असती. त्या म्हणाल्या, मास्तर रोज येऊन दिवे बंद करायचे, त्यांची पाठ फिरली की आम्हीच पुन्हा लावायचो. गुन्हा बायांवर गेला. दिवसभर त्यांना कचेरीच्या ओसरीवर बसवून ठेवलं, वर दम भरला. आणि रोज दिवे बंद केल्याबद्दल मला अभिनंदनपत्र मिळालं. मी तिथेच उभा होतो, पण तोंडातून शब्द काढला नाही.

नंतर एकदा धीर करून विचारलं की असं काहून केलं तुम्ही? तर म्हणाल्या, पोहता येत नसताना आमच्यासोबत पाण्यात उतरलात ना, मग झालं. एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

त्यांच्या त्या एका खोट्यावर माझी नोकरी टिकली. नोकरी टिकली म्हणून पुढे नागपुरात शिकवलं, आणि तुम्ही सगळे माझ्या वर्गात आलात. तेव्हा आज माझे उपकार मानायला जमला असाल, तर ते कोणाचे ते नीट समजून घ्या. चेतनभाऊ, मानपत्रातलं ते वाक्य खोडा आणि तिथे अंजनाबाईंचं नाव लिहून द्या. भिंतीवरचं पत्र सकाळीच काढून ठेवलं आहे.

समितीनं महिनाभर राबून हा सोहळा घडवला, मांडववाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी जीव लावून काम केलं. तुम्ही सर्वांनी एका म्हाताऱ्याचं पाल्हाळ ऐकून घेतलं. मी मनापासून ऋणी आहे.

भाषण संपवताना, काही चुकलं असल्यास सांभाळून घ्या, असं म्हणायची पद्धत आहे. मीही शेकडो वेळा म्हटलं. आज तसं म्हणून भागणार नाही. अंजनाबाई, मी चुकलो. तुमचा दिवा मी विझवला, तुमच्या माणसाचा हात गेला, आणि तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलत होत्या तेव्हा मी गप्प उभा राहिलो. मले माफ करा.

नूपुर, आता फोन कानाले लाव, पोरी. त्या काय म्हणतात ते मले एकट्यालेच सांगजो.